घासून काढलेली ओळ

पडेगावात, दौलताबाद रोडला लागून माझं दुकान आहे. दगडावर अक्षरं कोरायचं. अब्बांनी सुरू केलं, त्यांच्यानंतर मी चालवतोय. घरांच्या पाट्या, कबरींवरचे दगड, शाळा-सभागृहांच्या कोनशिला, मराठी आणि उर्दू दोन्ही. माझी शाळा मराठीतच झाली, त्यामुळं मराठी अक्षराची वळणं हातात उर्दूइतकीच बसलेली. आता बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटरवर अक्षरं कापतात, ती दगडावर चिकटवतात आणि वाळूचा फवारा मारतात. अर्ध्या तासात पाटी तयार. मी अजून गेरूनं अक्षर काढतो आणि छिन्नीनं कोरतो. मोठेपणा म्हणून नाही सांगत. पुढं जे झालं ते माझ्याच हातानं व्हायचं होतं, म्हणून आधी सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दुकानासमोर टेम्पो थांबला. चार माणसांनी दोर लावून एक दगड उतरवला आणि भिंतीला टेकवून ठेवला. बरोबर एक ठेकेदार होता. रस्त्यांची कामं घेणारा, पांढरा शर्ट, हातात दोन फोन. माझ्याकडं त्यानं आधीही कोनशिला करून नेल्या होत्या.

"चाचा, वस्तीच्या फाट्यावर कमान बांधलीय. तिच्यासाठी कोनशिला पाहिजे. दगड आपल्याकडचाच आहे. वरचा भाग तेवढा साफ करा, तिथं मान्यवरांची नावं कोरा. खालची चित्रं राहू द्या, शोभा येईल."

मी दगडाकडं बघितलं. छातीइतका उंच, काळा, टणक. त्यावर तीन चौकटी. खालच्या चौकटीत आडवा पडलेला माणूस आणि त्याच्यामागं गाईंची शिंगंच शिंगं. मधल्या चौकटीत त्याच माणसाला दोन बाया हाताला धरून वर नेताहेत. सगळ्यात वर तो पिंडीपुढं हात जोडून बसलेला, डोक्यावर चंद्र-सूर्य. लढाईत पडलेल्या माणसाचा दगड. वीरगळ म्हणतात, खेड्यापाड्यात कुठंही दिसतो. वरच्या चौकटीवर शेंदराचा आणि तेलाचा बोटभर जाड थर होता. खाली तो पातळ होत गेला होता.

मग मला चौकटींखालच्या तीन पट्ट्या दिसल्या. त्यांच्यावर अक्षरं होती.

माझा हात तिथं आपोआप गेला. लोकांना जुन्या दगडावर मूर्ती दिसते, मला छिन्नीचा घाव दिसतो. ज्यानं ही अक्षरं कोरली त्यानं आधी ओळ आखली नव्हती. सुरुवातीला अक्षरं ऐसपैस होती, ओळ संपत आली तशी दाटीनं बसवली होती. शेवटचा काना पट्टीच्या कडेवरच चढवला होता. जागा पुरली नाही की मी आजही हेच करतो. मला हसू आलं. सातशे वर्षं म्हणा, आठशे म्हणा, कारागिराचा हिशेब चुकतो तो असाच.

"साहेब, यावर लिहिलेलं आहे," मी ठेकेदाराला म्हटलं.

"असंल. पुसून टाका."

"पाटीवर खडूनं लिहिलंय काय पुसायला? हा लेख आहे. याला हात लावायचा नसतो. मी तुम्हाला दुसरा दगड देतो, नावं फुकट कोरून देतो."

त्याचा एक फोन वाजत होता. "चाचा, मला हाच दगड पाहिजे. वरून सांगितलंय, जुना दगड छान दिसतो. दोन दिवसांत करून ठेवा," असं म्हणून तो गाडीत बसला. दगड कुठला, एवढं मी खिडकीतून विचारून घेतलं. पिशोरकडच्या एका धनगरवस्तीच्या माळावरचा, रस्त्याच्या कामात आडवा आला म्हणून काढला, असं तो म्हणाला.

अब्बा जुन्या कबरींचे झिजलेले दगड नव्यानं करून द्यायचे तेव्हा आधी त्यांचा ठसा घ्यायचे. कागद ओला करून दगडावर पसरायचा, ब्रशनं ठोकत ठोकत अक्षरांच्या खाचांत बसवायचा, आणि जरा सुकला की कापडाच्या बोळ्यानं शाई लावायची. खाचा पांढऱ्या राहतात, बाकी काळं होतं. ते मला येत होतं. मी खालच्या दोन पट्ट्या नुसत्या पाण्यानं धुतल्या आणि त्यांचा ठसा घेतला.

वरच्या पट्टीला मी हात लावला नाही. तिथं शेंदूर होता. कुणीतरी तो वर्षानुवर्षं लावला होता, आणि ज्यानं लावला त्याला विचारल्याशिवाय खरवडायला माझं मन होईना. त्यात मी मुसलमान. उद्या कुणी म्हणालं याच्या हातानं देवाचा शेंदूर गेला, तर उत्तर काय देऊ? विचार केला, आधी माणसं शोधू, विचारू, मग बघू. माझी चूक झाली ती इथं. अदब म्हणून जे केलं नाही, त्याचाच मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

दुसऱ्या दिवशी ठसा गुंडाळून मी जुन्या वास्तूंचं काम बघणाऱ्या एका सरकारी कार्यालयात गेलो. टेबलामागच्या बाबूनं ठसा उलटा धरला. मी तो सुलटा करून दिला.

"हा दगड आमच्या यादीत आहे का?" त्यानं विचारलं.

"ते मला कसं माहीत? तुम्ही बघा."

त्यानं बघितलं. यादीत नव्हता. "मग तो आमचा नाही."

"अहो, पण त्यावरचा लेख घासला जाईल. उद्याच. म्हणून तर आलोय."

"अर्ज करा. दगड जिथं होता त्या जागेचा गट नंबर, चारी बाजूंचे फोटो, ग्रामपंचायतीचा ठराव, एवढं जोडा. मग साहेब पाहणी लावतील."

"पाहणी कधी लागेल?"

"ते साहेब सांगतील. साहेब दौऱ्यावर आहेत."

मी तिथंच बाकावर बसून अर्ज लिहिला. गट नंबर नाही म्हणून त्यानं तो घेतला नाही. मी म्हटलं, निदान पोच द्या, अमुक माणूस अमुक दगडाबद्दल सांगायला आला होता एवढं लिहून द्या. तर म्हणे, अर्जच घेतला नाही तर पोच कशाची? मी चढ्या आवाजात बोललो. शेजारच्या टेबलवरचा माणूस उठून दारात उभा राहिला, मला बाहेर काढायची वेळ आली तर सोयीचं व्हावं म्हणून. मी माझा कागद गुंडाळला आणि निघालो.

दुकानात पोचलो तर भिंतीजवळची जागा मोकळी. बायको दुकानाच्या पायरीवर बसलेली, तिचा चेहरा लाल झालेला.

"टेम्पो घेऊन आले होते," ती म्हणाली. "मी म्हटलं, ते आल्याशिवाय दगड हलवायचा नाही. मी आडवी उभी राहिले. तर तो म्हणाला, चाचाला जमत नसेल तर वाळूजला मशीन आहे, तासाभरात होतंय. तुम्हाला किती फोन लावले मी!"

कार्यालयात फोन बंद ठेवायला लावला होता.

वाळूजला दगडाची कामं करणारे किती कारखाने! दोन दिवस मी फिरलो. कुठल्या शेडमध्ये गेला, कुणी सांगेना. तिसऱ्या दिवशी पिशोरची एसटी पकडली. दगड नाही तर निदान त्याचं गाव तरी सापडेल म्हणून. पिशोरहून एका जीपनं त्या वस्तीवर गेलो. माळ शोधावा लागला नाही. नवा डांबरी रस्ता आणि त्याच्या कडेला ताजा खड्डा, खड्ड्याभोवती नारळाच्या करवंट्या, एक फुटलेली पणती. खड्ड्याच्या काठावर एक बाई बसली होती. पन्नाशीची असेल. डोक्यावर पदर, हातात काठी, मागं मेंढरं पसरलेली.

मी नमस्कार केला आणि विचारलं, इथला दगड कुठं नेला ते माहीत आहे का?

"तुमी कोण?"

"मी शहरातून आलोय. दगडावर अक्षरं कोरायचं काम करतो."

ती उठून उभी राहिली. "मंजे तुमीच घासला का आमच्या बा ला?"

आयुष्यात मला पुष्कळ लोक पुष्कळ काही बोलले आहेत. पण हा प्रश्न सगळ्यात जास्त लागला. मग मी सगळं सांगितलं, टेम्पो आल्यापासून. ती माझ्या तोंडाकडं बघत ऐकत राहिली आणि शेवटी परत खाली बसली.

दगडाला ते 'बा' म्हणायचे. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडायच्या आधी बा च्या पुढून कळप न्यायचा, परत आलं की नारळ फोडायचा. तिच्या सासऱ्याच्या आधीपासूनची रीत. ठेकेदार वस्तीवर आला तेव्हा पुरुषमाणसं रानात होती. त्यानं तिला सांगितलं, बा ला शहरात नेऊन धुऊन-पुसून आणतो, कमानीत मोठ्या मानानं बसवतो. कागदावर अंगठा घेतला.

"मानानं म्हनला वो भाई," ती म्हणाली. "मला वाटलं देवाचं भलं व्हतंय. काल कमानीत बसवला. मी गेले बघायला तर वरलं अंगच नाय त्याला."

आम्ही दोघं चालत फाट्यावर गेलो. कमान नवीकोरी, गुलाबी रंगाची. डाव्या खांबात तो दगड सिमेंटनं पक्का बसवलेला. खालच्या दोन चौकटी होत्या. वरची चौकट नव्हती. पिंडी नाही, चंद्र-सूर्य नाहीत, हात जोडलेला माणूस नाही, आणि त्याच्याखालची पट्टीही नाही. सगळं आरशासारखं गुळगुळीत, आणि त्यावर सोनेरी रंगात सात नावं. नावांच्या वर मोठ्या अक्षरात 'उध्दघाटन'.

मी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला. एका माणसाचा लेख घासून टाकला आणि त्याच्या जागी एक शब्दसुद्धा धड लिहिला नाही! ज्यांची नावं होती त्यांच्यापैकी एकानंही ते वाचलं नसणार. वाचून चाललं असेल तर आणखी वाईट.

ठेकेदार तिथंच होता, उद्घाटनाचा मंडप घालून घेत होता. मी सरळ त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"सांगितलं होतं ना मी तुम्हाला? दुसरा दगड देतो म्हटलं होतं ना?"

"चाचा, तुम्ही आपलं काम करा. तुम्हाला काय करायचंय आमच्या देवाशी?"

मंडपवाले हातातलं काम थांबवून बघायला लागले. मला ठाऊक होतं, या वाक्यापुढं मी काहीही बोललो तरी ते वेगळ्याच वळणावर जाणार. तोंडाशी आलेलं मी गिळलं. पण ती बाई गिळणाऱ्यातली नव्हती.

"कोनाचा देव?" तिनं काठी जमिनीवर आपटली. "तुझा का? कदी नारळ फोडलास तू त्याच्यापुढं? ह्यो मानूस दोन दिस झालं त्याला हुडकत फिरतोय. तू त्याचं डोस्कं घासलंस. आन ईचारतोस कोनाला?"

ठेकेदार हसल्यासारखं करून दुसरीकडं गेला. उद्घाटन दुसऱ्या दिवशी झालंच. फेटे, हार, भाषणं, आपल्या वारशाचा अभिमान वगैरे. मी गेलो नाही, ती गेली होती. तिनं नंतर सांगितलं, दगडाला हार घातला तो नेमका नावांच्या खाली, नावं झाकू नयेत म्हणून.

माझ्याकडं खालच्या दोन ओळींचा ठसा होता. शहरात जुने लेख वाचणाऱ्या एक निवृत्त प्राध्यापिका आहेत, त्यांच्या घरी घेऊन गेलो. त्यांनी टेबलावर कागद पसरला, भिंग घेतलं. मग वहीवर एकेक अक्षर मांडत गेल्या. अक्षरं यादवांच्या काळातली असावीत, म्हणाल्या. मला हसू आलं आणि रागही. माझ्या दुकानाच्या दारातून देवगिरीचाच रस्ता जातो.

"दुसरी ओळ 'चा पुत्रु' अशी सुरू होते," त्या म्हणाल्या. "म्हणजे अमक्याचा मुलगा. पुढं 'गाइ सोडवितां'. गाई पळवून नेत होते, त्या सोडवताना. आणि तिसरी ओळ, 'पडिला माएं उभविला'. पडला. आईनं हा दगड उभा केला."

"आणि त्याचं नाव?"

"ते पहिल्या ओळीत असणार. त्याचं आणि त्याच्या बापाचं. पहिल्या ओळीचा ठसा?"

मी मान हलवली. त्यांनी मला रागावायला पाहिजे होतं. त्यांनी नुसता चष्मा काढून ठेवला.

हे सांगायला मी परत वस्तीवर गेलो. तिच्या झोपडीपुढं दहा-बारा माणसं जमली होती. मी ओळी वाचून दाखवल्या. आईनं उभा केला म्हटल्यावर तिनं हातातली काठी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "आमी बा, बा म्हनून पाया पडतो. अन तो तर कुनाचं तरी पोरगं."

"हो," मी म्हटलं.

"नाव काय म्हनला त्याचं?"

"नाव गेलं ताई. वरच्या ओळीत होतं."

त्यावर तिचा दीर उठला आणि झोपडीतून पहार घेऊन आला. दगड परत माळावर आणायचा, हे सगळ्यांच्याच मनात आलं होतं. मी म्हटलं, पहारीनं काढाल तर राहिलेलाही फुटेल, उद्या मी माझी हत्यारं घेऊन येतो. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळ्यांदेखत, आम्ही तो काढला. मी भोवतालचं सिमेंट छिन्नीनं वाटीभर वाटीभर सोडवत गेलो, तीन तास लागले. कमानीला भोक पडलं. दगड बैलगाडीवर घालून माळावर नेला, नव्या रस्त्यापासून जरा आत खड्डा खणून उभा केला.

"भाई, ही नावं काढा," ती म्हणाली.

मी आयुष्यभर अक्षरं कोरली आहेत. कोरलेलं मुद्दाम मिटवलं नव्हतं कधी. पण फवाऱ्यानं कोरलेली अक्षरं उथळ असतात, नखाएवढी सुद्धा खोल नसतात. संध्याकाळपर्यंत सातही नावं गेली, 'उध्दघाटन'ही गेलं. गुळगुळीत ठेवलं नाही, टाकी मारून खरबरीत केलं. शेंदूर खरबरीतावर चांगला धरतो. तिनं तेल आणि शेंदूर कालवून स्वतःच्या हातानं लावला.

आठ दिवसांनी मला पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. सरकारी मालमत्तेचं नुकसान. कोनशिला, नग एक. फिर्यादीला जोडलेल्या कागदांत दगडाचे चारी बाजूंचे फोटो होते, जागेचा गट नंबर होता, ग्रामपंचायतीचा ठराव होता. मी अर्ज घेऊन गेलो तेव्हा जे जे मागितलं होतं ते सगळं. सातशे वर्षं माळावर उभ्या असलेल्या दगडाला एक कागद नव्हता, आणि सात नावं चढवल्यावर आठवड्यात सगळे कागद! मी हसलो तर समोरचा जमादार म्हणाला, "हसायला काय झालं?"

"काही नाही. जबाब लिहा."

माणूस बरा होता. शांतपणे लिहीत गेला. दगडाचं वर्णन आलं तेव्हा मी म्हटलं, कोनशिला लिहू नका, मी सांगतो ते लिहा. दगडावर दोन ओळी आहेत. त्या जशाच्या तशा लिहा, नाहीतर मी सही करणार नाही. त्यानं पेन थांबवून माझ्याकडं पाहिलं, मग म्हणाला, "सांगा." मी एकेक अक्षर सांगितलं. 'माएं'वर अनुस्वार आहे का, हे त्यानं दोनदा विचारून घेतलं. लिहून झाल्यावर स्वतःशीच वाचलं आणि अर्थ विचारला. मी सांगितला. त्यानं चहा मागवला.

प्रकरण अजून मिटलेलं नाही. तारखा पडतात, मी जातो, ती आणि तिचा दीर येतात. ठेकेदारानं कमानीत ग्रॅनाईटचा नवा दगड बसवला, तीच सात नावं, आणि माझ्या कानावर आलंय की 'उध्दघाटन'ही तसंच. मला लोक म्हणतात, चाचा, एका दगडासाठी कशाला एवढा त्रास, असे हजार दगड पडलेत. पडलेत ना! म्हणून तर. हजारांपैकी ज्यांच्यावर दोन अक्षरं आहेत ते किती? आणि त्यातला एक माझ्या दारात आला होता, एक रात्र माझ्या भिंतीला टेकून उभा होता, आणि मी त्याची वरची ओळ वाचली नाही. माझ्या रागातला निम्मा वाटा माझाच आहे, हे मी कुणापासून लपवत नाही.

दिवाळीनंतर ती मेंढरं घेऊन पैठणकडं, धरणाच्या उघड्या पडलेल्या जमिनीवर उतरते. तिथून दिराच्या फोनवरून मला फोन लावते. मेंढरं कशी आहेत, पाणी किती ओसरलं, असलं काहीबाही बोलते. ठेवता ठेवता एक प्रश्न असतोच.

"भाई, त्याचं नाव कुठं सापडलं का वो?"

प्राध्यापिका बाईंनी जुनी पुस्तकं, यादवकाळच्या लेखांच्या याद्या चाळल्या आहेत. मी आसपासच्या चार गावांत फिरून आलोय, कुणी कधी त्या दगडाचा फोटो काढला होता का, हे विचारत. एकाच्या लग्नाच्या अल्बममध्ये सापडला. दगडासमोर नवरा-नवरी उभे, आणि नवरीच्या हाताच्या आड नेमकी तीच पट्टी.

"नाही ताई," मी सांगतो. "अजून शोधतोय."